चाक धड राहिलं आणि लोअर आर्म वाकला, असं का होतं?

प्रश्न चाळीसगावच्या एका गाडीमालकांचा आहे. धुळ्याकडून रात्री परतताना रॉंग साइडने बिनलाइटीची ट्रॅक्टर-ट्रॉली समोर आली. त्यांनी स्टिअरिंग मारलं आणि पुढचं उजवं चाक दुभाजकावर आदळलं. अलॉय व्हीलला काठावर नुसता ओरखडा, पण लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणारा आडवा हात, वाकला, टाय रॉड, म्हणजे स्टिअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणारा दांडा, वाकला, शॉकअपचा दांडा तिरका झाला. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या मेहुण्यांची त्याच मॉडेलची गाडी, पण लोखंडी रिमवाली, अशीच दुभाजकाला लागली होती. तिची रिम भाजलेल्या पापडासारखी वाकडी झाली, बाकी सगळं शाबूत. रिम आणि टायर बदलून काम भागलं. म्हणून ते विचारतात, माझ्या मजबूत चाकानेच नुकसान वाढवलं का? अलॉय काढून लोखंडी रिम टाकू का?

आधी थोडक्यात सांगतो. चाकाने थोडं वाढवलं असेल, पण त्याहून कितीतरी जास्त वाढवलं ते आदळण्याच्या कोनाने. आणि रिम बदलून सस्पेन्शन वाचवायचा विचार डोक्यातून काढा.

आता जरा बैजवार बोलू. मी धुळ्यात सव्वीस वर्षं अलाइनमेंट आणि सस्पेन्शनचं काम करतो. जुन्या आग्रा रोडवरच्या आणि सुरत-नागपूर रस्त्यावरच्या, म्हणजे आपल्या जुन्या सहा नंबरच्या, अपघाताच्या गाड्या टोचन होऊन दारात येतात. त्यामुळे वाकलेले आर्म मी बरेच हाताळलेत. गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं, "भाऊ, चाकले तं काहीच व्हयनं नही!" आणि नेमकं तिथेच माझं लक्ष चाकावरून आत जातं.

दणका कुठून कुठे जातो ते बघा. आधी टायर, मग रिमचा काठ, मग रिमचे आरे, मग हब आणि बेअरिंग, मग नकल, म्हणजे हब ज्यावर बसतो आणि स्टिअरिंगने जो वळतो तो ठोकळा. नकलपासून वाटा फुटतात. खाली बॉल जॉइंटमधून लोअर आर्मला, मागे किंवा पुढे टाय रॉडला, वर शॉकअपला. आर्ममधून बुश (जोडातलं रबर), बुशमधून सबफ्रेम (आर्म जिला जोडलेला असतो ती खालची चौकट) आणि तिथून बॉडी. ही साखळी आहे. साखळीतली जी कडी सगळ्यात कमी जोराला वाकते ती वाकत असेपर्यंत पुढच्या कडीला त्याहून जास्त जोर पोचत नाही. लोखंडी रिमचा काठ दुभाजकावर चेपला गेला, तर तो चेपला जात असताना मागे जाणारा जोर तेवढ्यावरच अडतो. अलॉयचा काठ चेपला जात नाही, मग तो जोर पुढे सरकतो आणि पुढच्या कडीला विचारतो, तुझं काय?

बैलगाडीच्या काळातल्या माणसाला हे सांगावं लागत नव्हतं. आरा मोडला की सुतार नवा आरा बसवायचा. पण आस मोडला की गाडी शेतातच राहायची.

म्हणजे लोखंडी रिम चांगली? थांबा. लोखंडी रिम पत्र्याची असते. पत्रा रोल करून कडं केलेलं, त्यात प्रेस केलेली डिस्क वेल्ड केलेली. हे पोलाद तुटायच्या आधी मूळ लांबीच्या पाव हिश्श्याहून जास्त ताणलं जातं. ओतीव अलॉय मात्र साधारण पाच ते दहा टक्के ताण सोसतं, आणि त्यानंतर वाकत नाही, तडकतं. फोर्ज्ड चाक, जे दाबून घडवलेलं असतं, ते ओतीवपेक्षा मजबूत आणि जरा जास्त चिवट. आता मजा अशी की ओतीव चाक एका मर्यादेपर्यंत काहीच न होता सगळा दणका आत पाठवतं, आणि मर्यादा ओलांडली की आरा तडकतो, मग एकदम जोर तुटतो. म्हणून अलॉयवाल्या गाड्यांत मला दोन टोकं दिसतात. एक तर चाक कोरं आणि आर्म वाकलेला, नाहीतर चाकाचा तुकडा रस्त्यावर आणि आर्म जागेवर. लोखंडी रिमवाल्या गाड्यांत बहुतेक मधलं काहीतरी असतं, रिमही वाकडी आणि आर्मही थोडा हललेला.

आता आकड्यांकडे येतो, कारण "मजबूत" हा शब्द फार फसवा आहे. अलॉय चाकाची आघात चाचणी जगभर जवळजवळ सारखीच घेतात. चाकावर टायर चढवून, हवा भरून ते १३ अंश तिरपं बांधतात आणि त्याच्या काठावर २३० मिलिमीटर उंचीवरून वजन सोडतात. वजन किती? चाकाला मंजूर असलेल्या भाराच्या ०.६ पट अधिक १८० किलो. तुमच्या गाडीसारख्या चाकाचा मंजूर भार ५०० किलो धरला तर ४८० किलोचा ठोकळा. तो वीतभर उंचीवरून पडतो, तेव्हा त्याचा वेग असतो ताशी साडेसात किलोमीटरच्या आसपास आणि ऊर्जा साधारण १,०८० ज्यूल. हे सोसून आरा आरपार तडकला नाही आणि एका मिनिटात हवा गेली नाही की चाक पास.

दुसऱ्या बाजूला तुमची ११०० किलोची गाडी ताशी ६० ने चालली आहे. तिच्यात दीड लाख ज्यूलहून जास्त ऊर्जा असते. चाचणीच्या जवळजवळ १४० पट. या हिशेबात कोणतंही चाक, कितीही महाग असो, गाडीचा अपघात पचवू शकत नाही. दणका कुठल्या वाटेने जाईल यात चाकाचा हात असतो, एकूण दणका किती हे ते ठरवत नाही.

मग कोण ठरवतं? कोन. समजा मेहुणे ६० च्याच वेगाने दुभाजकाकडे १० अंशांनी घसरले. त्यांचा दुभाजकाकडे जाणारा, म्हणजे आडवा वेग होतो ताशी साडेदहा किलोमीटर. तुम्ही ट्रॉली चुकवायला जोरात स्टिअरिंग मारलंत, कोन झाला २५ अंश. आडवा वेग होतो ताशी २५. वेग अडीचपट, पण ऊर्जा वेगाच्या वर्गात वाढते, म्हणजे सहापट. मेहुण्यांच्या गाडीची आडवी ऊर्जा साडेचार हजार ज्यूलच्या आसपास, तुमची सत्तावीस हजार. ही सगळी एका चाकावर येत नाही, बंपर, बॉडी, मागचं चाक असे वाटेकरी असतात. तरीसुद्धा सहापट फरकापुढे लोखंड की अलॉय हा फरक किरकोळ आहे. तुमच्या गाडीला त्या रात्री लोखंडी रिम असती तर रिम पार चुरगळली असती आणि आर्म तरीही वाकला असता. दोन्हींचं बिल आलं असतं.

आणखी एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, पण मला खात्रीने वाटते. आदळताना तुमचं स्टिअरिंग सरळ नव्हतं. वाचवायच्या भरात ते एका बाजूला पूर्ण वळलेलं होतं. चाक सरळ असताना बाजूचा दणका बसला तर बराचसा जोर लोअर आर्मकडे जातो, कारण त्याचा बॉल जॉइंट खाली, रस्त्याच्या जवळ असतो. चाक वळलेलं असेल तर दणका चाकाच्या पुढच्या काठावर बसतो, चाक फिरायला बघतं आणि त्याला अडवायला एकटा टाय रॉड असतो. बोटाएवढा दांडा तो. वाकणारच. म्हणून टाय रॉड वाकलाय हे ऐकलं की मी गिऱ्हाइकाला विचारतो, "स्टिअरिंग कुठे होतं?" बहुतेकांना आठवत नाही, पण दांडा सांगतो.

गाडी बनवणारे लोक याचा विचार करतच असतात. मोठ्या दणक्यात कोणता भाग आधी वाकावा हे ते ठरवून ठेवतात. नियम असा की भाग वाकावा, तुटून पडू नये. आर्म वाकला तर गाडी एका बाजूला ओढते, स्टिअरिंग तिरकं बसतं, ड्रायव्हरला कळतं. तोच आर्म तुटला तर चाक कमानीत घुसतं आणि ड्रायव्हरच्या हाती काही राहत नाही. तुमचा आर्म वाकला याचा अर्थ तो कमजोर निघाला असा नाही. त्याने नेमून दिलेलं काम केलं.

समोरासमोरच्या धडकेत मात्र चाकाच्या मजबुतीचा प्रश्न वेगळाच होतो, आणि आपल्या दुपदरी रस्त्यांवर हे जास्त घडतं. यावल-रावेर भागात रात्री केळीचे ट्रक धावत असतात. समोरच्याचा फक्त कोपरा आपल्या कोपऱ्याला लागतो. गाडीच्या पुढच्या भागात दोन लांब मुख्य दांड्या असतात, धडक पचवायचं खरं काम त्यांचं. कोपऱ्याचा दणका त्यांच्या बाहेरून निघून जातो आणि थेट चाकावर येतो. अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने २०१२ पासून नेमकी हीच चाचणी सुरू केली. गाडीच्या रुंदीचा फक्त २५ टक्के भाग, ताशी ६४ किलोमीटर, समोर न वाकणारा अडथळा. तोवर चांगले गुण मिळवणाऱ्या कितीतरी गाड्या त्यात गडगडल्या. चाक मागे सरकून ड्रायव्हरच्या पायाजवळची जागा चेपायचं. नंतर कंपन्यांनी वेगवेगळे उपाय केले. काहींनी दाराखालची पट्टी आणि पुढचा खांब एवढा भक्कम केला की चाक त्यावर येऊन टेकावं. काहींनी उलट, ठरावीक जोराला सस्पेन्शनचा जोड सुटावा आणि चाक बाजूला निघून जावं अशी रचना केली. म्हणजे तिथे चाक सुटणं ही सोय आहे. आपल्याकडे भारत एनकॅप, म्हणजे धडक-चाचणी घेऊन गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारी योजना, ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली. तिची समोरची चाचणी ताशी ६४ चीच, पण ४० टक्के रुंदीवर आणि चेपल्या जाणाऱ्या अडथळ्यावर. तिथे मुख्य दांडी कामाला येते. म्हणून तारे मोजताना हा फरक ध्यानात ठेवा.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. बाजारातलं भलतंच जड, जाड चाक टाकून आपण कंपनीची ही साखळी बिघडवतो. चाक जितकं कडक, तितकी पुढची कडी आधी जाते. त्यात ऑफसेट कमी असलेलं चाक टाकलं, म्हणजे चाक दहा-पंधरा मिलिमीटर बाहेर आलं, तर बेअरिंग आणि नकलवर तरफेचा जोर आणखी वाढतो. गाडी रुंद, रुबाबदार दिसते हे कबूल. पोरांना सांगून थकलो, ऐकत नाहीत.

खरं कवच रिमपेक्षा टायर आहे. १८५/६५ आर १५ टायरची भिंत १२० मिलिमीटर असते. तीच गाडी १७ इंची करून २०५/४५ टायर टाकला तर भिंत ९२ मिलिमीटर उरते. बाहेरून चाक जवळजवळ तेवढंच, पण दणका पचवायची गादी इंचाहून थोडी जास्तच घटली. त्या इंचभरात रिम आणि आर्म दोघांचं नशीब असतं. हवा कमी असेल तर १२० मिलिमीटरच्या भिंतीचाही उपयोग नाही. टायर दुमडतो आणि रिम थेट सिमेंटला भिडते. आपल्याकडे काळ्या जमिनीवरचे रस्ते पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात आकसतात, कडेला एकदम पायरी पडते. तिथे हवा बरोबर असणं महत्त्वाचं आहे, अलॉय कुणाचं आहे हे नव्हे. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात "टायर फुटेल" म्हणून हवा कमी ठेवायची पद्धत आहे ती चुकीची आहे. कमी हवेनेच टायर जास्त तापतो. गाडीच्या दारावर लिहिलेली हवा सकाळी, थंड टायरमध्ये भरा.

आता माझी एक चूक सांगतो, कारण तुमच्या प्रश्नात तीच दडली आहे. पंधराएक वर्षांपूर्वी लळिंग घाटात कठड्याला घासलेली एक गाडी आली. अलॉय चाक काढलं, मशीनवर फिरवलं, केसाएवढाही फरक नाही. आर्म डोळ्यांना सरळ दिसला. टो, म्हणजे चाकं समोर सरळ बघतात की आत-बाहेर ते, ॲडजस्ट करून, स्टिअरिंग सरळ करून गाडी दिली. महिन्याभरात मालक परत आले. "गाडी डावाबाजूले वढी राहिनी, आनि टायर बघा." टायरची आतली कड कानशीसारखी खरखरीत, तारा दिसायच्या बेतात. खोलून पाहिलं तर शॉकअपचा दांडा आत दोनेक मिलिमीटर वाकलेला. चाक सरळ होतं म्हणून मी आत बघितलंच नाही. टायरचे पैसे माझ्या खिशातून गेले.

तेव्हापासून चाक धड असलं की मी जास्त संशयी होतो. लोखंडी रिम वाकली की तीच बोंब मारते, मेकॅनिकला आत बघावंच लागतं. धड अलॉय गप्प बसतं.

काय बघायचं ते सांगतो, तुम्ही स्वतः उभं राहून करून घ्या. आर्म धुऊन घ्या आणि उजेड तिरका पाडून रंग बघा. पत्रा वाकला की रंगाला बारीक भेगा पडतात, सुरकुत्या दिसतात. तिथे ताजा, केशरी गंज असेल तर वाक नवा आहे. मग टाय रॉड. टो बरोबर लावल्यावर दोन्ही बाजूंच्या लॉकनटच्या बाहेर दिसणारे आटे मोजा. डावीकडे बारा आणि उजवीकडे सतरा असतील तर उजवा दांडा वाकून आखूड झाला आहे, आणि ती तूट भरून काढायला मेकॅनिकने तो जास्त उघडला आहे. अलाइनमेंटच्या कागदावर सगळं हिरवं दिसेल, दांडा मात्र वाकडाच राहील. काढलेला दांडा काचेवर लोळवला की लगेच कळतं.

त्याच कागदावर एक ओळ असते, जिच्याकडे कुणी बघत नाही. एसएआय, म्हणजे ज्या रेषेभोवती चाक वळतं तिचा तिरपेपणा. माझ्या मते अपघाताच्या गाडीत टो-कॅम्बरपेक्षा ही ओळ मोलाची. कॅम्बर म्हणजे चाकाचं वरून आत किंवा बाहेर झुकणं. कॅम्बर बिघडला आणि एसएआय दोन्ही बाजूंना सारखा आहे, तर वाक नकलमध्ये किंवा शॉकअपमध्ये आहे. कॅम्बर वाढला आणि एसएआय तेवढाच कमी झाला, दोघांची बेरीज मात्र दुसऱ्या बाजूइतकीच आहे, तर लोअर आर्म आत गेलाय किंवा शॉकअपचा वरचा टॉवर बाहेर सरकलाय. मशीन एसएआय मोजतं, पण त्यासाठी चाकं डावी-उजवी पूर्ण वळवावी लागतात. पाच मिनिटं जास्त जातात म्हणून बरेच जण ते टाळतात. तुम्ही मागून घ्या. मशीन नसेल तर ओळंबा आणि खडू घ्या, स्टिअरिंग सरळ करा, पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्याखाली जमिनीवर खुणा करा आणि दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर आर्म, सबफ्रेम किंवा बॉडी सरकली आहे.

बेअरिंगचं दुखणं उशिरा येतं. दणक्याने आतल्या कडीवर गोळ्यांचे खड्डे उमटतात. सुरुवातीला काही नसतं, मग काहीशे किलोमीटरनंतर पन्नास-साठच्या वेगाला घूं असा आवाज सुरू होतो आणि एका बाजूला वळताना वाढतो. आर्म बदलताना त्या बाजूचं बेअरिंग ऐकून घ्या, शक्य असेल तर बदलाच. तसंही सगळं खोललेलं असतं.

वाकलेला आर्म गरम करून किंवा प्रेसखाली सरळ करून देणारे भेटतील. घेऊ नका. एकदा वाकून पुन्हा सरळ केलेला पत्रा दुसऱ्या खड्ड्यात पहिल्यापेक्षा लवकर जातो, आणि तेव्हा वाकेल की तुटेल याचा भरवसा नाही. तडकलेलं अलॉय वेल्डिंग करून देणाऱ्यांबाबतही तेच. अलॉयची ताकद भट्टीतल्या संस्कारातून येते. आधी सव्वापाचशे-साडेपाचशे अंशांना तापवून एकदम थंड करतात, मग दीडशेच्या पुढे काही तास शिजवतात. गॅसची ज्योत लागली की तेवढ्या भागातला तो संस्कार संपला. वरून पॉलिश केलं की चाक नव्यासारखं दिसतं, एवढंच.

विम्याचं एक सांगून ठेवतो. साध्या पॅकेज पॉलिसीत नुसता टायर फुटला तर काही मिळत नाही. गाडीचं बाकी नुकसानही त्याच अपघातात झालं असेल तरच टायर धरतात, तोही निम्म्या किमतीपर्यंत. मेहुण्यांनी टायरवर किती घासाघीस केली असेल ते मला न सांगता कळतं. तुमच्या बाबतीत विमा कंपनीच्या सर्व्हेअरसमोर शॉकअप आणि नकल खोलून, आडवा उजेड टाकून फोटो काढून ठेवा आणि सबफ्रेमची मापं कागदावर घ्या. गाडी जोडल्यावर निघालेलं लपलेलं नुकसान मान्य करून घेणं म्हणजे डोक्याला ताप.

राहिलं ते तुमचं धड चाक. ते फेकू नका, पण लगेच बसवूही नका. टायर उतरवा, आतल्या बाजूला रॉकेल लावा, मग ते कोरडं पुसून घ्या आणि वर खडूची पूड भुरभुरा. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल खडूवर रेघेसारखं उमटतं. आरा कड्याला मिळतो तो कोपरा आणि बोल्टच्या भोकांभोवतीची जागा खास बघा. मग मशीनवर फिरवून डायल गेज, म्हणजे बारीक फरक दाखवणारं काट्याचं माप, लावा. रेघ नाही, फेक (फिरताना डोलणं) नाही, तर चाक बसवा, आणि हजार किलोमीटरनंतर एकदा परत उतरवून बघा. लोखंडी रिमचे पैसे वाचतील. ते दोन चांगल्या टायरांत घाला.